परवलीच्या शब्दापासून पासकीपर्यंत

समाजमाध्यमावर नवे खाते उघडणे हे आज पाच मिनिटांचे काम आहे. नाव, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख आणि पासवर्ड भरला, मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड टाकला की खाते सुरू होते. यांतला एकही रकाना आपसूक आलेला नाही. कुठे चोरी झाली, कुठे कोणी दुसऱ्याचे सोंग घेतले, कुठे कायदा झाला आणि त्यानंतर अर्जात एकेक रकाना वाढत गेला. सुरक्षित खाते उघडण्याची आजची रीत या साठ-पासष्ट वर्षांच्या अनुभवातून घडली आहे.

‘हा माणूस आपलाच कशावरून?’ हा प्रश्न मात्र फार जुना आहे. रोमन सैन्याच्या छावणीत रात्रीचा परवलीचा शब्द कसा फिरवला जाई, याचे वर्णन इतिहासकार पॉलिबियसने केले आहे. शब्द तोंडी सांगत नसत, तो लाकडी पाटीवर लिहिलेला असे. सूर्यास्ताला छावणीतल्या प्रत्येक रांगेतला एक शिपाई अधिकाऱ्याच्या तंबूतून पाटी घेऊन जाई. ती एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात जात अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यावी लागे. एखादी पाटी आली नाही, तर बाकीच्या पाट्यांवरच्या खुणांवरून ती कुठे अडकली हे लगेच कळे. मराठी राज्यव्यवहारात हेच काम शिक्का करत असे. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा आणि मजकूर संपल्यावर मोर्तब, म्हणजे मर्यादेची छोटी मुद्रा उमटवत. माथ्यावरच्या मुद्रेवरून पत्र कोणाचे हे ठरे. शेवटच्या मुद्रेमुळे मजकुराखाली कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथूनच रुळला.

संगणकावरचे खाते सुरुवातीला खरोखरच हिशेबाचे खाते होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी प्रणाली उभारली. तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये झाले. यंत्र एक आणि वापरणारे अनेक असल्याने प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी ठेवणे आणि कोणी किती वेळ वापरला हे मोजणे भाग होते. त्यासाठी प्रत्येकाला खाते मिळाले आणि खात्याला पासवर्ड.

ते कुलूप पहिल्यांदा उघडले एका संशोधक विद्यार्थ्याने. ॲलन शेर यांना संगणकावर आठवड्याला चारच तास मिळत आणि तेवढ्यात त्यांचे काम उरकत नसे. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्यांनी पासवर्डांची यादीच छापून मिळावी अशी विनंती यंत्राला दिली आणि शनिवारी पहाटे जाऊन छापील कागद उचलले. पुढे ते इतरांच्या खात्यातला वेळ वापरू लागले. ही गोष्ट त्यांनी अनेक वर्षांनी स्वतःच सांगितली. त्याच प्रणालीत १९६६ साली आणखी एक घोळ झाला. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. दोन्ही वेळा कोणाला पासवर्ड ओळखावा लागला नव्हता. दोष ते जसेच्या तसे लिहून ठेवण्यात होता.

यावर उपाय निघाला तो केंब्रिज विद्यापीठात. रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्डऐवजी त्याचे गणिताने बदललेले रूप साठवण्याची कल्पना मांडली. खलबत्त्यात कुटलेल्या मसाल्यातून अख्खे धणे परत निघत नाहीत, तसा या रूपातून मूळ शब्द काढता येत नाही. माणसाने पासवर्ड टाकला की यंत्र तो पुन्हा तसाच ‘कुटते’ आणि साठवलेल्या रूपाशी ताडून पाहते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात माणसांच्या सवयींचा लेखाजोखा होता. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी १५ एकाच अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे होते. शब्दकोशातले शब्द आणि माणसांची नावे धरून २,८३१ पासवर्ड, म्हणजे ८६ टक्के, सहज हुडकण्याजोगे निघाले. म्हणून त्यांनी प्रत्येक पासवर्डात कुटण्यापूर्वी थोडी यादृच्छिक भर घालण्याची पद्धत वापरली. तिला ‘सॉल्ट’, म्हणजे मीठच, म्हणतात. तिच्यामुळे दोघांनी एकच शब्द निवडला तरी साठवलेली रूपे वेगवेगळी दिसतात.

त्या निबंधातला इशारा खरा ठरायला नऊ वर्षे लागली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस यांच्याच मुलाने सोडलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला आणि अंदाजे सहा हजार संगणक त्याने बेजार केले. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक होती पासवर्ड ओळखण्याची. त्यासाठी त्याच्याजवळ केवळ ४३२ शब्दांची यादी होती.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी हॉटमेलसारखी फुकट ईमेल सेवा आली आणि खाते उघडायला संस्थेची किंवा ओळखीची गरज उरली नाही. त्याचा फायदा आपोआप हजारो खाती उघडणाऱ्या प्रोग्रामांनीही घेतला. त्यांना अडवण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे वाचून टाइप करण्याची चाचणी २००० सालच्या सुमारास पुढे आली. समोर माणूस आहे एवढेच तिच्यातून ठरते. तो माणूस कोण, हे ठरत नाही.

समाजमाध्यमांनी हा दुसरा प्रश्न ऐरणीवर आणला. २००४ साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर सुरुवातीला निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. त्याच वर्षीच्या फेसबुकवर आधी महाविद्यालयाचा ईमेल पत्ता लागे. निमंत्रण किंवा महाविद्यालयाचा पत्ता हाच ओळखीचा दाखला होता. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुक तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले आणि तो दाखला गेला. भारतात ऑर्कुट फार लोकप्रिय होते. आरंभीच्या काळात तिथल्या ‘स्क्रॅपबुक’मधला मजकूर कोणालाही वाचता येई. फोटो उतरवून दुसऱ्याच्या नावाने खाते काढणे अवघड नव्हते आणि त्याचा त्रास सर्वाधिक मुलींना झाला.

माणसे स्वतःबद्दल उघडपणे लिहू लागली, तशी आणखी एक जुनी पद्धत निकामी झाली. पासवर्ड विसरल्यास ‘आईचे माहेरचे आडनाव’, ‘पहिली शाळा’ असले प्रश्न विचारले जात. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते अशाच प्रश्नांची उत्तरे शोधून एका तरुणाने उघडले. उत्तरे वृत्तपत्रांत आणि इंटरनेटवर उपलब्ध होती. आजही शाळेच्या स्नेहमेळाव्याचा फोटो, मामाच्या गावची आठवण किंवा वाढदिवसाचा केक यांतून हीच उत्तरे चारचौघांत पसरतात. ज्यांच्या आडनावातच गाव आहे, त्यांच्या बाबतीत ‘मूळ गाव कोणते’ हे गुपित राहूच शकत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये समाजमाध्यमांसाठी छोटे प्रोग्राम बनवणाऱ्या ‘रॉकयू’ या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. केंब्रिज आणि बेल प्रयोगशाळेचे धडे जुने होऊनही ते जसेच्या तसे साठवलेले होते. त्या यादीत सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता ‘१२३४५६’. २०१२ साली लिंक्डइनचे पासवर्ड फुटले. तिथे ते कुटलेले होते, पण मिठाविना. अशा चोरीचा खरा फटका दुसऱ्याच खात्यांना बसतो. एका ठिकाणचा पासवर्ड हाती लागला की चोर तोच ईमेलवर आणि इतर खात्यांवर लावून बघतो. या अनुभवानंतर अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली आपली जुनी शिफारस बदलली. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याऐवजी लांब पासवर्ड घ्यावा आणि फुटलेल्या याद्यांतला शब्द नाकारावा, असा नवा दंडक आला. दर तीन महिन्यांनी बदल करावा लागला की माणसे शेवटचा आकडा तेवढा बदलतात, हे तोवर दिसून आले होते.

पासवर्ड एकटा पुरत नाही म्हणून दुसरी कडी आली. भारतात तिची ओळख बँकेमुळे झाली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी सक्तीची झाली आणि पुढे ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा कोड, हा शब्द घराघरांत पोहोचला. गूगलने २०११ मध्ये सर्व वापरकर्त्यांना दोन टप्प्यांची पडताळणी दिली. एप्रिल २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे ट्विटर खाते बळकावून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी टाकली गेली आणि अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत सुमारे १४० अंकांनी घसरला. पुढच्याच महिन्यात ट्विटरनेही दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय सुरू केली. व्हॉट्सॲपवर मोबाइल क्रमांक हीच ओळख असते. तिथे सहा आकडी स्वतंत्र पिन ठेवण्याची सोय २०१७ साली आली.

या कडीलाही एक फट आहे. ‘माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा सांगता का?’ असा निरोप ओळखीच्या नावाने येतो. तो कोड खरे तर निरोप वाचणाऱ्याच्याच खात्याचा असतो. सांगितला की खाते गेले. त्या खात्यावरून पुढचा निरोप त्याच्या आत्याला, मित्राला, सोसायटीच्या ग्रुपला जातो आणि साखळी वाढते. दुसऱ्याच्या नावावरचे सिमकार्ड फसवून मिळवले, तरी एसएमएसने येणारा कोड चोराच्या हाती पडतो. म्हणून दर तीस सेकंदांनी नवा कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप एसएमएसपेक्षा अधिक भरवशाचे मानले जाते.

कुलूप मजबूत असले तरी खिडक्या उघड्या राहू शकतात. खाते कोणाला दिसावे हे ठरवणारी सेटिंगे अशा खिडक्या आहेत. बहुतेक जण ती बदलत नाहीत. कंपनीने जे ठरवून दिले तेच कायम राहते. फेसबुकवर नव्या खात्याची पोस्ट बराच काळ आपोआप जगजाहीर होत असे. मे २०१४ पासून ती आपोआप फक्त मित्रांपुरती ठेवली गेली. भारतातल्या अनेक स्त्रिया गैरवापराच्या भीतीने स्वतःचा फोटो लावत नाहीत, हे लक्षात आल्यावर फेसबुकने जून २०१७ मध्ये प्रोफाइल फोटोला संरक्षण देणारी सोय पहिल्यांदा भारतात आणली. मे २०२० मध्ये सगळी प्रोफाइल एका कळीने अनोळखी लोकांपासून कुलूपबंद करण्याची सोयही भारतात आली. मित्राच्या चुकीनेही माहिती जाते, हे केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या २०१८ च्या प्रकरणात कळले. भारतात ३३५ जणांनी एक ॲप वापरले आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार त्यांच्या मित्रांसह ५,६२,४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेलेली असू शकत होती.

जन्मतारखेचा रकाना कायद्यामुळे आला. अमेरिकेने १९९८ साली तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधने घातली आणि कंपन्यांनी जगभर तेरा ही मर्यादा धरली. इन्स्टाग्रामने जुलै २०२१ पासून सोळा वर्षांखालील मुलांची नवी खाती आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे. वय खोटे सांगितले की मुलासाठी असलेले हे सगळे संरक्षण आपोआप गळून पडते. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क आणि ६६ ड खाली गुन्हे आहेत. ही कलमे ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली.

अलीकडचा टप्पा पासकीचा. २०२२ पासून ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती आणली. पासकीत लक्षात ठेवायचा शब्दच नसतो. गुप्त किल्ली माणसाच्या फोनमध्ये किंवा त्याच्या कुलूपबंद साठ्यात राहते. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवला की ती वापरली जाते. कंपनीकडे किल्लीची फक्त दुसरी, उघड बाजू असते. तिथे चोरी झाली तरी चोराच्या हाती कामाचे काही लागत नाही आणि फोनवर गोड बोलून विचारले तरी सांगण्यासारखे काही नसते.

या सगळ्या अनुभवाचे सार नवे खाते उघडण्याच्या क्रमात उतरते. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि आधी ज्या ईमेलवर खाते बेतलेले आहे तो ईमेल सुरक्षित करावा. पासवर्ड लांब आणि इतर कुठेही न वापरलेला असावा. पासकी मिळत असेल तर ती घ्यावी. दोन टप्प्यांची पडताळणी पहिल्याच दिवशी सुरू करावी आणि खाते परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून घरात नीट ठेवावेत. फोनमधल्या साऱ्या संपर्कांची परवानगी मागितली तर ती नाकारता येते. पहिली पोस्ट टाकण्यापूर्वी ती कोणाला दिसेल हे पाहावे. कोड कोणालाही सांगू नये, मागणारा घरचा असला तरी आधी त्याला फोन करावा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पैशांच्या प्रकरणात पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात.