उरलेल्या कामाचा स्टॅक

सी भाषेत मुरलेला प्रोग्रॅमर हॅस्केलचा प्रोग्रॅम पहिल्यांदा जीडीबीत उघडतो, सवयीने बॅकट्रेस मागतो आणि हाती बहुधा काहीच उपयोगाचे लागत नाही. एक्स८६-६४ वर जीएचसी कंपायलर हॅस्केलच्या स्टॅकचा माथा आरबीपी रजिस्टरमध्ये ठेवतो. डीबगर मात्र आरएसपीच्या मागे सीच्या स्टॅकवर शोधत राहतो. असे का होते हे समजायला, थोडीफार असेंब्ली वाचता येत असेल तर तेवढी तयारी पुरे.

कोणी कोणाला कॉल केला याची नोंद म्हणजे स्टॅक, असे आपण धरून चालतो. पण प्रत्यक्षात फ्रेममध्ये असते ते इथून परतल्यावर काय करायचे एवढेच. सीमध्ये दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा जुळतात, म्हणून फरक जाणवत नाही. पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या एसईसीडी यंत्रातला ‘डंप’ हा अशाच उरलेल्या कामाचा साठा. फंक्शनचे शेवटचे काम दुसऱ्याला कॉल करणे हेच असेल, तर मागे काही उरत नाही आणि फ्रेमही लागत नाही. असा कॉल म्हणजे निव्वळ उडी, हे गाय स्टील यांनी १९७७ मध्ये ठासून मांडले. बॅकट्रेसमध्ये एखादे फंक्शन सापडेना, तर आधी ही शक्यता तपासावी.

हॅस्केलच्या लेझी, म्हणजे गरज पडेपर्यंत मूल्य न काढण्याच्या, स्वभावाने पेच वाढतो, आणि माझ्या मते खरी गंमतही इथेच आहे. एका फंक्शनने यादी तयार केली. तिच्या तिसऱ्या घटकात शून्याने भागाकार आहे. यादी बनताना काहीच बिघडत नाही, घटक थंक, म्हणजे अजून न केलेला हिशोब, होऊन पडून राहतो. एक्सेप्शन येते ते यादी छापताना, आणि तेव्हा ती बनवणारे फंक्शन स्टॅकवर कुठेच नसते. त्या क्षणी थांबून आरबीपीपासून पुढचे शब्द वाचत गेलात, तर एसटीजी_यूपीडी_फ्रेम_इन्फो हे नाव भेटेल. ही अपडेट फ्रेम. साध्या बिल्डमध्ये ती दोनच शब्दांची असते: एक परतीचा पत्ता, दुसरा ज्या थंकवर उत्तर लिहायचे त्याचा पत्ता. मूल्य कोणाला हवे होते ते तिच्या पलीकडच्या फ्रेम सांगतात. थंक कुठे जन्मला ते कळण्यासाठी त्या दुसऱ्या पत्त्यावर जाऊन त्याचे इन्फो टेबल, म्हणजे कंपायलरने त्याच्या रचनेबद्दल ठेवलेली नोंद, पाहावे. रनटाइमने तोवर त्यावर ब्लॅकहोलची, म्हणजे हिशोब सुरू असल्याची, खूण लिहिली नसेल, तर माग लागतो.

हॅस्केलसारखीच फंक्शनल असलेली ओकॅमल भाषा लेझी नाही, त्यामुळे तिथे वाट बरीच सरळ आहे. ‘स्टँडर्ड एमएल ऑफ न्यू जर्सी’ या कंपायलरने मात्र फ्रेम हीपवर नेल्या, त्यामुळे तिथे असा स्टॅक वाचायला मिळत नाही.

डीबगरसाठीची ड्वार्फ माहिती जीएचसी देऊ लागला तो २०१५ च्या ७.१० आवृत्तीपासून. ती नसली तरी हातपाय गाळू नयेत. गार्बेज कलेक्टरला प्रत्येक फ्रेमची लांबी आणि तिच्यातले पॉइंटर ओळखावेच लागतात. म्हणून हा नकाशा, हॅस्केलमध्ये इन्फो टेबलच्या आणि ओकॅमलमध्ये फ्रेमटेबलच्या रूपाने, कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच असतो.