जोड पट्ट्याचा, जीव कामगाराचा

गिरण्यांचा इतिहास सांगताना आपण भोंग्याविषयी बोलतो, चाळींविषयी बोलतो, 1982 च्या संपाविषयी बोलतो. पट्ट्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. मी कवितेचा माणूस. तरी मला हा विसर खटकतो.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढली. त्या काळच्या गिरण्यांत इंजिन एक आणि यंत्रे अनेक असत. छताखाली लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्रावर उतरत. पट्ट्याची दोन टोके कच्च्या चामड्याच्या वादीने शिवत. शिवायचे म्हणजे भोके पाडणे आले आणि भोक पडले की पट्टा तिथेच दुबळा होई.

विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादी दात आले. 1907 मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या फ्लेक्सिबल स्टील लेसिंग कंपनीची ‘ॲलिगेटर’ पट्टी नावाप्रमाणेच मगरीच्या जबड्यासारखी होती. ती हातोडीने ठोकायची, दोन्ही टोकांचे दात एकमेकांत गुंतवायचे आणि मधून पिन सरकवायची. झाली दाराची बिजागरी! तोवर माल वाहणारे पट्टेही आले होते. अमेरिकेत एडिसनच्या लोहखनिजाच्या कारखान्यासाठी थॉमस रॉबिन्स यांनी 1890 च्या दशकात रबरी पट्टा घडवला. पुढे खाणींतला कोळसाही पट्ट्यांवरून वाहू लागला. असा पट्टा तुटला की तो जागेवरच जोडण्यासाठी हे पोलादी दात कामी आले.

पण दात चांगले असून भागत नाही. टोक काटकोनात कापावे लागते. तेही झिजलेल्या कडेवरून नव्हे, तर मध्यरेषा आखून. पट्ट्याच्या जाडीला आणि पुलीच्या व्यासाला साजेल असेच माप निवडावे लागते. काप तिरका गेला, तर पट्टा एका बाजूला सरकतो आणि त्याची कड चौकटीवर घासून फाटते. वर आलेला दात तर सदऱ्याची बाही, धोतराचा सोगा ओढून नेतो. मागोमाग हात जातो.

म्हणूनच 1948 च्या कारखाने अधिनियमातील 22 व्या कलमात पुढे या जोडाचाही उल्लेख आला. फिरत्या पुलीवरच्या पट्ट्याला हात लावायचा, तर तो 15 सेंटीमीटरहून रुंद नसावा, त्याचा जोड वादीने शिवलेला किंवा पट्ट्याशी सपाट असावा आणि कामगाराचे कपडे अंगाशी घट्ट असावेत, अशा अटी त्यात होत्या. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण मला ही ओळ रुक्ष वाटत नाही. किती बोटे गेल्यावर ती लिहिली गेली असेल!