वारली चौकाचा गेरू आणि रंगांचे प्रकाशस्थैर्य

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील वारली घरांत लग्नाच्या वेळी कुडाची भिंत शेणामातीने सारवून, तिच्यावर गेरूचा हात देऊन, सवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. पीठ पाण्यात कालवून, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने ओढलेली ती पांढरी रेघ धूर, ओल आणि हाताचा स्पर्श यांनी झिजते आणि पुढच्या लग्नाला नवा चौक लिहिला जातो. त्यामुळे प्रकाशस्थैर्याचा, म्हणजे उजेडात रंग किती काळ न उडता टिकतो याचा, प्रश्न या परंपरेत उद्भवलाच नाही.

हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला तो इंग्लंडमध्ये. जलरंग फिकट होतात या तक्रारीवरून रसेल आणि अ‍ॅबनी या शास्त्रज्ञांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचनळ्यांत ठेवून, अर्धा भाग झाकून, त्या दीर्घकाळ उजेडात ठेवल्या आणि १८८८ मध्ये अहवाल दिला. हवा आणि ओल काढून टाकली की बहुतेक रंग तग धरतात, हा त्यातील निष्कर्ष कोकणालगतच्या पावसाळी मुलखाला विशेष लागू पडणारा आहे. पुढे निळ्या लोकरीच्या ८ पट्ट्यांचे प्रमाण रूढ झाले. पहिली पट्टी सर्वांत लवकर उडते, आठवी सर्वांत उशिरा, आणि तपासायचा रंग कोणत्या पट्टीच्या बरोबरीने फिकटला यावरून त्याचा क्रमांक ठरतो. अमेरिकी मानकात काचेआडच्या उन्हात किंवा झेनॉन दिव्याखाली नमुना ठेवून रंगातील फरक उपकरणाने मोजतात आणि ५ श्रेणी लावतात. फरक ४ एककांपर्यंत राहिला तर पहिली श्रेणी मिळते.

गेरू हा लोहाचा ऑक्साइड असल्याने तो या पहिल्या श्रेणीत सहज बसतो, आणि पिठाच्या पांढऱ्यात तर उजेडाने उडावा असा रंगच नसतो. चौकाचे वैरी पाणी आणि घर्षण, ऊन नव्हे. मात्र १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली, डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून ती देशोदेशी पोचली, आणि बाजारासाठी गेरूच्या जागी पोस्टर रंगांच्या भडक पार्श्वभूमीही आल्या. अशा स्वस्त रंगांपैकी काही गुलाबी व जांभळे रंग उन्हात झपाट्याने विटतात, आणि बाटलीवर प्रकाशस्थैर्याची श्रेणी छापलेली नसेल तर चित्रकाराला ते आधी कळण्याचा मार्ग राहत नाही. म्हणून त्या रंगाचा हात दिलेली पट्टी अर्धी झाकून काही महिने खिडकीत ठेवण्याची रसेल-अ‍ॅबनींची साधी रीत जव्हारच्या कारागिरालाही उपयोगी पडेल. तिला काच, कागद आणि ऊन एवढेच लागते.