विंबल्डनचें गवत आणि मराठी माय-लेकी

आम्ही पेण-रोह्याकडील माणसें. आमच्या लेखीं गवत म्हणजे भातखाचरांच्या बांधावरचें, नाहीं तर गुरांच्या वैरणीचें. तें नीट कातरून त्यावर चेंडू खेळावा आणि साऱ्या जगानें तो खेळ पाहावा, हा प्रघात विलायतेंत विंबल्डन येथें १८७७ सालीं पडला. पहिल्या वर्षीं अवघे २२ खेळाडू होते; त्यांत स्पेन्सर गोर हे विजयी झाले. स्त्रियांस मात्र १८८४ पर्यंत थांबावें लागलें. त्या सालीं मॉड वॉट्सन हिनें अंतिम सामन्यांत आपल्याच थोरल्या बहिणीस हरवून पहिला मान मिळविला.

एकेरीच्या अजिंक्यवीरांच्या यादींत मराठी नांव नाहीं. तथापि त्या यादीबाहेरचा एक विजय मला फार मोलाचा वाटतो. १९३४ सालीं फ्रेड पेरी व डोरोथी राउंड हे अजिंक्य ठरले. त्याच वर्षीं मुंबईच्या लीला राव यांनीं पहिल्या फेरीचा सामना जिंकला. विंबल्डनवर एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. दुसऱ्या फेरींत त्यांचा पराभव झाला. पण वाट उघडली होती.

ही वाट घरांतूनच निघाली होती. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमा राव या अथर्ववेदाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. पंडितांचें घराणें आपल्याच कोंकणांतलें, सावंतवाडीकडील. क्षमाबाईंनीं संस्कृतांत 'सत्याग्रहगीता' रचली, आणि त्या स्वतः टेनिसही उत्तम खेळत. पुढें लीलाबाईंनीं मातोश्रींच्या कथांवरून संस्कृत नाटकें लिहिलीं. विद्या आणि व्यायाम यांचें वैर नाहीं, हें या माय-लेकींनीं दाखवून दिलें.

यानंतर विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेंत एकेरीचा सामना जिंकणारी दुसरी भारतीय महिला सानिया मिर्झा, साल २००५. मध्यें ७१ वर्षें गेलीं! याचें कारण दूर शोधावयास नको. मीं अनेक वर्षें शिक्षकी केली. शाळेंत मैदान मुलांचें आणि कडेची सावली मुलींची, अशी वांटणी असे. ती मीं कधीं मोडली नाहीं. आज त्याचा खेद वाटतो. आपल्या घरांतील कन्या संध्याकाळीं खेळावयास निघाली, तर तिला उंबऱ्यावर अडवूं नये, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंति.