सांध्याचा रंग

आजचा विषय मोटारींचा आहे, पण आपण इंजिनाबद्दल बोलणार नाही आणि वेगाबद्दलही नाही. हाताने बांधलेल्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या धुराड्याचे पाइप जिथे जोडलेले असतात, तिथे सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक रंगीत पट्टा उठतो. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. शौकीन गिऱ्हाईक तो पट्टा बघून ‘वा!’ म्हणतं. वेल्डिंग तपासणारा माणूस तोच पट्टा बघून कपाळाला आठ्या घालतो. आता यातला बरोबर कोण?

आधी हा रंग म्हणजे काय ते पाहू. तुमच्या घरी स्टीलचं पातेलं गॅसवर रिकामं राहिलं, तर तळाला सोनेरी-निळी झाक येते. तेच हे. तापलेल्या धातूला हवेतला प्राणवायू मिळाला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपासचा किंवा त्याहूनही पातळ. या थरात रंगद्रव्य काही नसतं. थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. रॉबर्ट हूकने 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’मध्ये तापवलेल्या पोलादाचे हे रंग अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांच्या रंगांबरोबर ठेवून पाहिले होते. आपल्या लोहाराला हे पुस्तक माहीत असायचं कारण नव्हतं, पण विळ्याला पाणी दिल्यावर तो पुन्हा किती तापवायचा, हे तो याच रंगावरून ठरवायचा. साध्या पोलादावर 220 अंश सेल्सिअसच्या सुमाराला फिकट पिवळा दिसतो, 300 च्या आसपास निळा. म्हणजे रंग ही उष्णतेची नोंद आहे. किती तापलं आणि तापलेलं असताना हवा किती लागली, हे त्यात लिहिलेलं असतं.

आता स्टेनलेस स्टीलचं बघा. त्याला गंज लागत नाही तो क्रोमियममुळे. वेल्डिंगच्या वेळी हवा लागली की पृष्ठभागाजवळचं क्रोमियम त्या रंगीत थरात निघून जातं आणि थराच्या लगेच खालच्या धातूत ते कमी पडतं. म्हणून गंज सुरू व्हायचा तर तो बहुधा तिथेच होतो, जिथे आपण ‘काय सुंदर निळा’ म्हणालो होतो. टायटॅनियममध्ये तर रंगांची शिडीच आहे. सांधा चांदीसारखा लखलखीत असेल तर उत्तम, फिकट पिवळा असेल तर सहसा चालतो, निळ्यापाशी शंका सुरू होते, आणि करडा किंवा पांढरा भुकटीसारखा झाला तर तो सांधा कापून फेकायचा. कारण तापलेलं टायटॅनियम प्राणवायू आणि नायट्रोजन पोटात घेतं आणि ठिसूळ होतं. वरचा रंग ब्रशने घासून टाकता येतो, आत शिरलेला वायू घासून निघत नाही. घासलं की फक्त पुरावा जातो. तुमच्या-माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते हे.

हे लक्षात ठेवून थोडं मागे जाऊ. 1950 च्या दशकात इटलीत नि इंग्लंडमध्ये ज्या मोटारी हाताने बनत होत्या, त्यांत सांधा दिसणं हाच दोष समजला जाई. मिलानच्या ‘कारोत्सेरिया तूरिंग’ने ‘सुपरलेज्जेरा’ नावाची पद्धत आणली होती. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. मोडेन्यात सेर्जिओ स्काल्येत्ती वाळूच्या पोत्यांवर पत्रा ठोकून फेरारीची अंगं घडवत होता, बरंचसं नजरेच्या अंदाजानं. पत्र्याचे तुकडे जोडायचे, सांधा हातोडीने बसवायचा, कानशीने सपाट करायचा आणि वर रंग.

गंमत अशी की ॲल्युमिनियम रंग बदलून सूचना देतच नाही. पोलाद लाल होतं, पिवळं होतं, सांगतं तरी की बाबा, आता थांब. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी चेहऱ्यावर काही दाखवत नाही. पत्रा डोळ्यांसमोर खाली गळून पडतो. शिवाय त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय 2000 अंशांच्या वर वितळते, म्हणजे आतला धातू पाणी झालेला आणि वरची साय तशीच. पत्रा नरम करायचा असला तर कारागिरांनी यावर एक युक्ती काढली होती. ॲसिटिलीनची धुरकट ज्योत फिरवून पत्रा काजळीने काळा करायचा, मग साध्या ज्योतीने तापवायचा, आणि काजळी जळून गेली की समजायचं, झालं. ज्या धातूला स्वतःचा रंग बोलता येत नाही, त्याला माणसाने उसना रंग दिला. मला विचाराल तर संपूर्ण मोटार-इतिहासातली ही सर्वांत बुद्धिमान गोष्टींपैकी एक आहे, पण ती जाहिरातीत कधी येत नाही.

जोडताना ती साय फोडायला फ्लक्स लावावा लागे. तो नंतर नीट धुतला नाही, तर ओलावा धरून धातू खातो. मोटार चकचकीत रंगवून विकली जाते आणि काही वर्षांनी सांध्यावरचा रंग फुगून वर येतो. म्हणजे फिनिश उत्तम आणि काम कच्चं, हे शक्य होतं, आणि विकत घेताना ते कुणालाच दिसत नव्हतं. पोलादी अंगांची तीच कथा. जॅग्वार ई-टाइपच्या सांध्यांवर शिसं वितळवून भरत आणि घासून गुळगुळीत करत. आपल्याकडचे डेंटर-पेंटर लांबी भरतात, त्याचा हा थोरला भाऊ.

सांगाड्याकडे मात्र कुणी इतकं लक्ष देत नसे. तो झाकला जाणारच होता. 1959 पासूनची मासेरातीची ‘बर्डकेज’ घ्या. सुमारे 200 बारीक नळ्यांची ती जाळी, म्हणून नाव ‘पक्ष्याचा पिंजरा’. तिथे सांधा सुंदर आहे का, हा प्रश्नच नव्हता. सांधा टिकतो का, एवढंच.

मग उलटापालट कशी झाली? एक कारण तंत्रात आहे. अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथने 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅग्नेशियम जोडण्यासाठी एक पद्धत बसवली. टंगस्टनची कांडी, तिच्याभोवती हेलियम वायूचा पदर. पुढे आर्गॉन आला. यालाच आपण टिग वेल्डिंग म्हणतो. 1954 च्या जॅग्वार डी-टाइपची पुढची चौकट ॲल्युमिनियम मिश्रधातूची होती आणि ती आर्गॉनच्या आवरणात मूळ अंगाला जोडलेली होती. ही पद्धत हवेलाच दूर ठेवते. नीट केली तर सांधा नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा सुबक येतो. दाखवण्यासारखा झाला, म्हणून तो दाखवला जाऊ लागला. 1992 मध्ये आलेल्या मॅक्लारेन एफ-1 चं धुराडं इनकोनेलचं होतं. तिथपासून पुढे महागड्या मोटारींत धुराडं हा पाहण्याचा भाग झाला आणि निळा पट्टा हस्तकौशल्याची सही.

आणि इथेच घोटाळा आहे. वापरात तापून निळा झालेला पाइप वेगळा आणि वेल्डिंगच्या वेळी हवा लागून निळा झालेला वेगळा. पहिला फक्त वय सांगतो, दुसरा चूक सांगू शकतो. आता तर मुद्दाम ज्योत फिरवून निळा काढलेली टोकं विकली जातात. सही छापून मिळते म्हणा ना.

रस्किनने 1853 मध्ये लिहिलं की हाताच्या कामातला ओबडधोबडपणा हा कामगाराच्या स्वातंत्र्याचा खूण आहे, तो सोसला पाहिजे. 1968 मध्ये डेव्हिड पाय यांनी त्यावर सबुरीचं उत्तर दिलं. प्रत्येक क्षणी बिघडू शकेल असं काम आणि साच्याने ठरलेलं काम, असा भेद त्यांनी केला. वेल्डिंग हे पहिल्या प्रकाराचं अस्सल उदाहरण. पण रस्किनची क्षमा मला इथे पटत नाही. दगडावरचा वाकडा छिन्नीघाव कुणाला मारत नाही. नळीचा सांधा तुटला तर मारतो. आणि उलटही आहे. नाण्यांच्या चळतीसारखा देखणा सांधा आतपर्यंत वितळलेलाच नसू शकतो. म्हणून गिऱ्हाइकाने ‘छान दिसतो का’ यापेक्षा ‘पाइपच्या आत आर्गॉन भरला होता का’ हे विचारावं. आतला काळपट, फुललेला सांधा बाहेरून दिसत नाही.

जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांपुढे हा प्रश्न आज जिवंत आहे. 1962 ते 1964 मध्ये 36 फेरारी 250 जीटीओ बनल्या. हातोडीने घडलेल्या, त्यामुळे हुबेहूब सारख्या दोन नाहीत. अशी मोटार दुरुस्तीला आली की मोह होतो की सांधे ग्राइंडरने नीट करावेत, दारांच्या फटी सारख्या कराव्यात, कारखान्यात कधी नव्हतं तेवढं फिनिश द्यावं. प्रदर्शनात कौतुक होतं. पण 1962 मधल्या त्या माणसाने ज्योत कुठे थांबवली, हात कुठे घाईचा पडला, हे ग्राइंडरच्या किसाबरोबर जमिनीवर पडतं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फीवाने, 2012 मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचं म्हणणं असं की जितकं जुनं राखता येईल तितकं राखा, आणि नवा भाग घातलात तर तो ओळखता येईल असं बघा. काही चांगले दुरुस्तीकार म्हणूनच जुना सांधा घासण्याआधी त्याचं छायाचित्र काढतात. जो धोक्याचा नाही तो, ओबडधोबड असला तरी, रंगाखाली तसाच ठेवतात.