लाहोरने नाकारलेले भाषण आणि वर्गातला स्मार्ट बोर्ड

शाळेत स्मार्ट बोर्ड बसला, मुलांच्या हाती टॅब आले, पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापला गेला, की शिक्षण आधुनिक झाल्याची घोषणा होते. नारळ फुटतो, फोटो छापून येतात. त्या पडद्यावर कोणाची संस्कृती दिसणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आंबेडकरी तरुणांनी तो प्रश्न विचारला पाहिजे, कारण त्याचा इतिहास आपल्या घरातला आहे.

बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाची एक घटना चरित्रकारांनी नोंदवली आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याजवळ बोलावले आणि सवर्ण मुलांनी एकच कल्ला केला. त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते बाटणार होते! डबे हलवले गेले, तेव्हा कुठे भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. त्या काळात वर्गातले सर्वांत मोठे साधन म्हणजे फळा. शाळा सरकारी, फळा सर्वांचा, शिक्षकांचे बोलावणेही आलेले. तरी बाक आणि फळा यांच्यामधल्या चार पावलांत जात उभी होती. साधन नवे आले म्हणून ही चार पावले आपोआप मिटत नाहीत. फळ्यामागे तेव्हा डबे होते. आजच्या पडद्यामागे काय ठेवले आहे, हे तपासावेच लागते.

यादी कोणाची?

'सांस्कृतिक साक्षरता' हा शब्द गाजला तो अमेरिकेत, १९८७ साली. व्हर्जिनिया विद्यापीठातील प्राध्यापक ई. डी. हर्श यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की अक्षरे ओळखता आली म्हणजे वाचता आले असे होत नाही. लेखकाने जे गृहीत धरलेले असते, ते वाचकाला ठाऊक असावे लागते. त्यांनी रिचमंड शहरातल्या एका कम्युनिटी कॉलेजचा दाखला दिला. तिथल्या विद्यार्थ्यांना ओळखीच्या विषयावरचा उतारा नीट समजला. पण यादवी युद्धातल्या ग्रँट आणि ली या सेनापतींवरचा उतारा जड गेला, कारण हे दोघे कोण, हेच अनेकांना माहीत नव्हते. रिचमंड तर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांची राजधानी होती!

हर्श यांचे हे अर्धे म्हणणे आपण मान्य केले पाहिजे. संदर्भ माहीत नसलेला वाचक मजकुराच्या दारातच थांबतो. अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे. दोन सहकारी प्राध्यापकांसह हर्श यांनी पुस्तकाच्या शेवटी सुमारे पाच हजार नावे, तारखा, संज्ञा आणि म्हणी यांची यादी दिली : सुशिक्षित अमेरिकनाला एवढे ठाऊक असते. त्यावर वाद पेटला. ही यादी करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आमचे पूर्वज, आमची गाणी, आमचे लढे तीत का नाहीत? पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, 'मल्टिकल्चरल लिटरसी' हा उत्तरादाखल लेखसंग्रह निघाला. त्यात वेगळी यादी होती आणि कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ साली शिक्षकांपुढे केलेले भाषणही होते.

आता त्याच १९८७ सालात आपल्याकडे काय चालले होते ते पाहा. जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी अख्खा देश जणू एकाच वर्गात बसू लागला. याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला : 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाविरुद्ध आंदोलन उभे राहिले, ते वगळण्याची मागणी झाली. १९८८ च्या सुरुवातीला आंबेडकरी जनता प्रचंड संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली. परिशिष्ट राहिले, सोबत शासन या मतांशी सहमत नसल्याची तळटीप आली. एका कथेला देशभरचा पडदा मिळाला. त्या कथेला प्रश्न विचारणाऱ्या पानांना ग्रंथात टिकून राहण्यासाठी मोर्चा काढावा लागला. सांस्कृतिक साक्षरतेचा सगळा वाद या दोन घटनांत आहे.

आठ आण्यांचे पुस्तक

याच वादाचे जुने आणि अधिक बोलके उदाहरण म्हणजे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले होते. भाषणाचा मजकूर हाती आल्यावर मंडळ हादरले. जातीचे मूळ धर्मग्रंथांच्या पावित्र्यात आहे, हा मुद्दा आणि हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार त्यांना पचेना. मजकुरात फेरफार करा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. परिषद बारगळली. व्यासपीठ काढून घेतले गेले.

तेव्हा बाबासाहेबांच्या हाती एक तंत्रज्ञान होते : छापखाना. न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने मुंबईत छापले. सोबत मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहारही दिला, म्हणजे व्यासपीठ कोणी आणि का नाकारले, हे वाचकाने स्वतः पाहावे. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली, आणखी भाषांतून होऊ लागली. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये 'हरिजन'मधून त्यावर टीका लिहिली आणि आठ आणे किंमत कमी करावी, असेही सुचवले. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची ती टीका परिशिष्ट म्हणून छापली आणि तिला दिलेले उत्तर दुसऱ्या परिशिष्टात घातले.

या कृतीकडे शिक्षक म्हणून पाहा. मूळ भाषण, त्यामागचा पत्रव्यवहार, विरोधकाची टीका आणि तिला उत्तर, हे सगळे एका पुस्तकात. वाचकाला एकच बाजू पाठ करायला लावायची नाही. पुरावे समोर ठेवायचे आणि निवाडा त्याच्यावर सोपवायचा. आज 'डिजिटल शिक्षणा'च्या नावाने जे विकले जाते, त्यात ही हिंमत क्वचितच दिसते.

पण हे पुस्तक सोपे नाही. त्यात पेशवाईत अस्पृश्यांच्या कमरेला बांधलेला झाडू आणि गळ्यातले मडके आहे. इंदूर भागातल्या बलाई समाजावर लादलेले नियम आहेत. गावच्या सरकारी शाळेत मुले पाठवण्याचा आग्रह धरू नका, असा हुकूम सवर्णांनी जिथे अस्पृश्यांना दिला, ते गुजरातमधले कविठा आहे. पंगतीत तूप वाढले म्हणून जिथे हल्ला झाला, ते जयपूर संस्थानातले चकवारा आहे. त्याच पानांच्या आसपास रोमचे प्लेबियन आहेत, आयर्लंडमधला अल्स्टरचा प्रश्न आहे, मार्टिन ल्यूथर आहे, जर्मन समाजवादी लासाल आहे, बुद्ध आणि गुरू नानक आहेत. गावकुसाबाहेरचे जग आणि युरोपचा इतिहास, दोन्ही बाबासाहेबांना सारखेच ठाऊक होते. म्हणूनच त्यांचे लेखन नीट वाचायचे तर वाचकालाही दोन्हीकडचे संदर्भ लागतात. नांदेडच्या विद्यार्थ्याला अल्स्टर ठाऊक नसते, न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याला चकवारा. इथे तंत्रज्ञान खरोखर कामाला येते.

कोलंबियातला वर्ग

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. जॉन ड्यूई तिथे त्यांचे शिक्षक होते. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच विद्यापीठात 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ची अभ्यासासाठी खास डिजिटल आवृत्ती तयार झाली. दक्षिण आशियाई भाषांच्या प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी संपादन केले आणि विद्यापीठाच्या नवमाध्यम अध्यापन केंद्राने ती उभी केली. भाषणाचे विभाग पाडून परिच्छेदांना क्रमांक दिले. अनोळखी नावांना आणि घटनांना टिपा जोडल्या. पत्रव्यवहार, गांधीजींची टीका आणि बाबासाहेबांचे उत्तर हाताशी ठेवले. ती जगभर कोणालाही विनामूल्य वाचता येते. याच केंद्राने माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्राचीही अशी अभ्यास-आवृत्ती इतिहासकार मॅनिंग मॅरेबल यांच्या मार्गदर्शनाखाली केली. ज्यांना अमेरिकेच्या 'सर्वांना ठाऊक' यादीत जागा मिळायला झगडावे लागले आणि ज्यांना लाहोरमध्ये व्यासपीठ नाकारले गेले, त्यांचे ग्रंथ एकाच पद्धतीने वर्गात पोहोचले.

यात भारावून जाण्यासारखे यंत्र काहीच नाही. परिच्छेद-क्रमांक, टिपा आणि दुवे, एवढाच मामला. महत्त्वाचे आहे ते संपादकाने केलेले काम : विद्यार्थी कुठे अडखळेल हे ओळखणे आणि नेमक्या त्या जागी हात देणे. असे काम मराठीत किती झाले? शासनाने १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात हा ग्रंथ आहे. वसंत मून यांनी या खंडांसाठी आयुष्य खर्च केले. आज मूळ इंग्रजी खंडांच्या पीडीएफ फुकट मिळतात. पण पीडीएफ मोबाईलमध्ये असणे आणि ग्रंथ वाचता येणे यात तेच अंतर आहे, जे बाक आणि फळा यांच्यात होते.

आपल्या वर्गात काय करायचे?

केंद्र सरकारने २०१७ साली 'दीक्षा' नावाचा डिजिटल मंच सुरू केला. बालभारतीच्या पुस्तकांवरचे कोड मुलांना तिथेच नेतात. त्या कोडमागे काय दिसावे हे गावचा शिक्षक ठरवत नाही, पालक तर नाहीच. सरकारी मंचावर काय आहे, काय नाही, याची तपासणी आणि मागणी आपण केलीच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. लाहोरने नकार दिल्यावर बाबासाहेब दुसऱ्या निमंत्रणाची वाट पाहत बसले नाहीत.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहेत. (भाषांतरांवर मात्र भाषांतरकाराचा हक्क असू शकतो, तो तपासून घ्यावा.) मग मराठी टिपांची 'जातिनिर्मूलना'ची आवृत्ती आपल्या अभ्यासवर्गांनी का करू नये? वसतिगृहातली, विहारातली, महाविद्यालयातली दहा मुले आठवड्याला एक विभाग घेऊ शकतात. अनोळखी प्रत्येक नाव शोधायचे. कविठा, चकवारा, लाहोर नकाशावर पाहायचे. चार ओळींची टीप लिहायची आणि माहिती कुठून घेतली ते खाली नोंदवायचे. गांधीजींची टीकाही पूर्ण वाचायची आणि वर्गात तिची बाजू मांडायला दोन जणांना उभे करायचे. एक साधा फोन आणि एक सामायिक फाईल एवढ्यावर हे होते. अशी टीप एकदा लिहिली की अल्स्टर म्हणजे काय, हे तो विद्यार्थी जन्मात विसरत नाही.

याची गरज आपल्यालाच अधिक आहे. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या फोनवर बाबासाहेबांच्या नावाने शेकडो वाक्ये फिरतात. खंड नाही, पान नाही, भाषणाची तारीख नाही. त्यातली काही बाबासाहेबांची नसतातच, तरीही आपण ती 'जय भीम' लिहून पुढे पाठवतो. ज्या माणसाने आपला पत्रव्यवहारसुद्धा छापून पुराव्यानिशी वाद घातला, त्याच्या अनुयायांना हे शोभत नाही. विरोधक जेव्हा बाबासाहेबांचे अर्धे वाक्य तोडून आपल्या सोयीने वापरतात, तेव्हा त्यांना रोखायचे ते आरडाओरड्याने नव्हे. पुढचे वाक्य आणि पान क्रमांक दाखवून. हल्ली तर यंत्राला विचारले की क्षणात सारांश मिळतो. सारांश वाचून परीक्षा देता येते, वाद घालता येत नाही.

आणि यादी? तीही आपण करू. मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने फुल्यांच्या शाळेत शिकून १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध तीत असेल. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने प्रवेश नाकारलेल्या महार मुलाचा अर्ज असेल. हंटर आयोगापुढचे जोतीरावांचे १८८२ चे निवेदन असेल. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून घडावेत, असे त्यांनी त्यात सुचवले होते. पण आपलीही यादी दगडावरची रेघ होऊ नये. ती रोज तपासली जावी, वाढावी, चुकली तर दुरुस्त व्हावी. नाहीतर आपण एक पोथी काढून तिच्या जागी दुसरी ठेवली, एवढेच होईल.

'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या शेवटाकडे बाबासाहेबांनी आपल्या गुरूंचा, ड्यूईंचा आधार घेतला आहे. त्याचा आशय असा : प्रत्येक समाजाच्या पाठीवर भूतकाळाचे बरेच ओझे असते, क्षुल्लक, मेलेले आणि काही तर सरळ घातक. शहाणा समाज वारशात आलेले सगळेच पुढच्या पिढीच्या झोळीत टाकत नाही. अधिक चांगला समाज घडवेल, तेवढेच पुढे देतो. वर्गात पडदा कोणताही असो, शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने त्याला हीच कसोटी लावली पाहिजे. स्मार्ट बोर्डाचे उद्घाटन झाले असेल, तर आता पहिला विभाग उघडा आणि कविठा कुठे आहे ते मुलांना शोधू द्या.

जय भीम!