नाडीचा ठेका

ताळेबंदात डाव्या हाताला देणी लिहायची आणि उजव्या हाताला मालमत्ता, हे आम्हां कॉमर्सवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. पण माणसाचं हृदय डाव्या बाजूला का असतं याचा खुलासा कॉलेजात कोणी केला नाही. तो मला गेल्या वर्षी झाला, अण्णांच्या छातीत कळ आली त्या रात्री.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त. तरुणपणी गावच्या हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना पेटीची साथ करायचे. नाटकं गेली, मंडळी गेली, पेटीचा भाता फाटला. उरला एक कॅसेटप्लेअर आणि खोकंभर कॅसेटी. रोज संध्याकाळी सहा वाजले की नाट्यसंगीत सुरू. नळाला पाणी न येण्याचा दिवस उजाडेल, पण हा कार्यक्रम चुकायचा नाही.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज तीन वेळा नाडी मोजा आणि कुठंतरी टिपून ठेवा." 'कुठंतरी' हा शब्द बँकेच्या माणसापुढे उच्चारू नये. मी दोनशे पानांचं रजिस्टर आणलं. रकाने आखले: तारीख, वेळ, ठोके, शेरा. मोजणाऱ्यानं सही करण्यासाठीही एक रकाना आखला होता, पण "आता घरातसुद्धा सह्या?" असं हिनं विचारल्यावर तो खोडला. कन्येच्या मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ आहे. ते अण्णांना बांधून पाहिलं, तर "ही हातकडी काढ आधी," म्हणाले. तेव्हा बोटं आणि सेकंदकाटा, हीच जुनी पद्धत ठरली.

पंधरा दिवसांनी मी बेरजा मारल्या. सकाळची सरासरी बहात्तर. दुपारची चौऱ्याहत्तर. आणि संध्याकाळची अठ्ठ्याऐंशी! मार्चअखेरला एखादी तफावत हाती लागावी तसा मला आनंद झाला. मग लक्षात आलं, की ही तफावत वडिलांच्या छातीत आहे. तफावतीचा वेळ आणि कॅसेटप्लेअरचा वेळ एकच. म्हणजे आरोपी सापडला.

"अण्णा," मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "थोडे दिवस गाणं बंद ठेवू या."

अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "साठ वर्षं ज्याच्यावर जगलो, ते आता मला मारणार होय रे?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

आता यावर तोंडी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. बँकेत वाद झाला की आम्ही जुनी व्हाउचरं काढतो. गाण्याचं आणि नाडीचं खातं नेमकं कधीपासून चालू आहे, ते मी उकरायला घेतलं. वाचनालयाचे कार्यवाह प्रथम खूष झाले, नंतर कंटाळले.

खातं निघालं इसवी सनापूर्वीचं! सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा ग्रीक वैद्य होता. तो म्हणे पाण्याचं घड्याळ घेऊन रोग्याकडे जायचा आणि नाडी मोजायचा. नुसती मोजून थांबायचा नाही, तर गवयांची परिभाषा वापरून तिचं वर्णन करायचा. तान्ह्या बाळाच्या नाडीची लय एक, भर तारुण्यातली दुसरी, म्हातारपणातली तिसरी. कवितेतल्या ऱ्हस्व-दीर्घांसारखे त्यानं ठोके वयाप्रमाणे बसवले होते. आजारी माणसाच्या मनगटावर बोटं ठेवून त्याला छंद ऐकू यायचा. मला फक्त आकडे ऐकू येतात, तेही पन्नाशीच्या पुढे गेले की चुकतात.

आपल्याकडचं पान उलटलं तर तिथं एक सुखद धक्का बसला होता. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादेत, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ होता. 'संगीतरत्नाकर' हा संगीतशास्त्राचा थोर ग्रंथ त्याचा. आता हा शार्ङ्गदेव नोकरी काय करीत होता? तर राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख! आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आले, बाप यादवांच्या चाकरीला लागला आणि मुलगा जमाखर्च सांभाळता सांभाळता सप्तसुरांवर ग्रंथ लिहून गेला. वर वैद्यकही जाणत होता. हे वाचल्यापासून मी आमच्या शाखेतल्या प्रत्येक सहकाऱ्याकडे थोड्या आदरानं पाहू लागलो होतो. पण चार दिवसांत तो आदर ओसरला.

या हिशेबनीसानं ग्रंथाच्या सुरुवातीलाच, रागतालाच्या आधी, मानवी देहाचं वर्णन केलं आहे. नाद देहातून निघतो, तेव्हा आधी देह तपासा. रीतसर माणूस! मंद्र सप्तकाचं स्थान त्यानं हृदयात दाखवलंय, मध्याचं कंठात, ताराचं मस्तकात. हृदयात बावीस नाड्या, त्या एकीहून एक उंच, आणि त्यांतून वाऱ्यानं निघणाऱ्या बावीस श्रुती. ही नाडी मनगटावर उडते ती नव्हे, आणि आजच्या डॉक्टरला छाती उघडून ती दाखवता येणार नाही, हे कबूल. पण गाण्याची उलाढाल हृदयातून होते, हे एका मुख्य हिशेबनीसानं आठशे वर्षांपूर्वी लेखी दिलंय, याची नोंद मी रजिस्टरच्या मलपृष्ठावर करून ठेवली.

मनगटावरच्या नाडीची चाल वर्णन करणारा निराळा: शार्ङ्गधर. (शार्ङ्गदेव आणि शार्ङ्गधर. अशाच दोन नावांवरून एकाचा चेक दुसऱ्याच्या खात्यात जातो.) वाताची नाडी सापासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी, असं त्याच्या संहितेत आहे. मी अण्णांच्या मनगटावर बराच वेळ बेडूक शोधला.

युरोपात मात्र फारच मजेदार व्यवहार झाला. १४९६ साली इटलीतल्या गाफुरियुस या संगीतशास्त्रज्ञानं लिहिलं, की गाण्यातली कालमात्रा म्हणजे शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीचा ठोका धरावा. ठीक. घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता, तर गवयानं जायचं कुठं? प्रत्येकाच्या मनगटात एक फुकटचा लयदार बसलाय, त्याला विचारायचं. १७५२ साली क्वांट्स यानं हे आणखी पक्कं केलं. हा प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीचा मास्तर. म्हणजे राजाची लय चुकली हे सांगण्याचं काम याच्याकडे. त्यानं ठरवलं की नाडी घ्यावी निरोगी माणसाची, मिनिटाला साधारण ऐंशी ठोक्यांची. आणि तीसुद्धा दुपारच्या जेवणानंतरची, आनंदी, तापट आणि चपळ स्वभावाच्या माणसाची. दुपारच्या जेवणानंतर आनंदी आणि चपळ! क्वांट्सला आमच्या शाखेत आणून उभा केला असता, तर संगीताची लय त्या दिवशीच बसली असती, आणि बसली म्हणजे खालीच.

आता गंमत पाहा. गवई लय ठरवायला नाडीकडे जात होते, त्याच सुमारास नान्सी गावचा मार्के नावाचा फ्रेंच डॉक्टर नाडी ठरवायला गवयाकडे गेला! १७४७ साली त्यानं पुस्तकच काढलं: नाडी ओळखावी संगीताच्या स्वरलिपीवरून. निरोगी नाडी 'मिन्युएट' या नाचाच्या लयीत चालते. मनात मिन्युएट धरा, रोग्याचं मनगट धरा, आणि जुळतं का पाहा. म्हणजे मिन्युएट किती जलद? तर नाडीइतका. आणि नाडी किती जलद? तर मिन्युएटइतकी. भाच्याला मामा जामीन आणि मामाला भाचा जामीन! अशी कर्जं कशी बुडतात ते मी पाहिलंय.

ही परस्पर जामीनकी मोडली ती यंत्रांनी. इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरानं १७०७ सालीच नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारं घड्याळ पुढे आणलं होतं, आणि १८१५ साली मेल्झेलनं मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. (मूळ युक्ती आम्स्टरडॅमच्या विंकेलची, नफा मेल्झेलचा. हेही नेहमीचंच.) तेव्हापासून डॉक्टर आणि गवई आपापली खाती स्वतंत्र चालवू लागले.

पण अण्णांचा प्रश्न यांतला कोणीच सोडवत नव्हता. नाडीवरून गाणं नव्हे, गाण्यावरून नाडी हलते का? हा प्रश्न स्वतःच्या मनगटाला विचारला ग्रेत्री यानं. अठराव्या शतकात पॅरिस गाजवणारा ऑपेराकार. त्यानं लिहून ठेवलंय, की उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या नाडीवर ठेवावीत, मनातल्या मनात त्याच लयीचं गाणं म्हणावं, आणि मग हळूच दुसऱ्या लयीचं गाणं जोरकसपणे सुरू करावं. थोड्या वेळानं नाडी नव्या गाण्याच्या मागे जाऊ लागते.

मी हा प्रयोग बँकेत केला. कॅश बंद झाल्यावर, मनगट धरून, मनातल्या मनात आधी आरती आणि मग लेझमीचा ताल. नाडी वाढली की नाही ते सांगता येत नाही, कारण गाण्याचे ठोके आणि नाडीचे ठोके यांची सरमिसळ होऊन बेरीज एकशे चाळीसवर गेली. शिपायानं पाणी आणून दिलं.

माझ्यासारख्यांच्या बोटांवर विसंबू नये म्हणून पुढे उपकरणं आली. रशियात काझानच्या दोगिएल या प्राध्यापकानं १८८० साली माणसांवर आणि जनावरांवर प्रयोग करून छापलं, की संगीतानं रक्ताभिसरण बदलतं आणि हृदयाचे ठोके बहुतेक वेळा वाढतात. मग कार्डिओग्राम आला. अमेरिकेत आयडा हाइड या विदुषीनं १९१८ साली लोकांना संगीत ऐकवून त्यांचे कार्डिओग्राम काढले. आणि २००६ साली इटलीत बर्नार्डी आणि मंडळींनी जो हिशेब केला, तो पाहून मला त्यांना आमच्या ऑडिट खात्यात घ्यावंसं वाटलं.

चोवीस माणसं. बारा संगीत शिकलेली, बारा न शिकलेली. सहा तऱ्हांचं संगीत, त्यात व्हिवाल्डी होता, बेथोव्हन होता, धांगडधिंगा होता, आणि सतारीवरचा आपला रागही होता. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, कोणाला कुठलं आधी येईल याचा पत्ता नाही. निकाल असा, की फरक पाडते ती लय. जलद लय लागली की श्वास वाढतो, रक्तदाब वाढतो, ठोके वाढतात. मग ते संगीत तुम्हाला आवडो वा नावडो. लय सावकाश, तर कारभार सावकाश. श्वास आत घेताना नाडी जरा धावते, सोडताना जरा रेंगाळते, आणि श्वास हा लयीच्या मागे जाणारा गडी असल्यामुळे त्याच्यामागून हृदयही फरफटत जातं. शिकलेल्यांचा श्वास लयीच्या मागे जास्त जातो. हे अण्णांना लागू होतं म्हणून मी खाली रेघ मारली.

पण त्यांनी मधेच दोन मिनिटांची शांतता घातली होती. संगीत थांबलं, नुसती शांतता. आणि त्या दोन मिनिटांत ठोके आणि रक्तदाब, संगीत सुरू होण्याआधी होते त्याच्याही खाली गेले! नुसतं गप्प बसून जे मिळालं नव्हतं, ते गाणं संपल्यानंतरच्या गप्पपणात मिळालं. मी ते पान दोनदा वाचलं. गाणी संपल्यावर अण्णा बराच वेळ तसेच डोळे मिटून बसतात आणि "झोपलात का?" असं विचारून मी दिवा लावतो, हे मला आठवलं.

अर्थात ती माणसं धडधाकट होती, अठ्ठ्याहत्तरीची आणि एक झटका खाल्लेली नव्हती. म्हणून रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. हेरोफिलसपासून सुरुवात केली. डॉक्टरांनी बर्नार्डीपर्यंत येऊ दिलं नाही. "गाण्यानं दोन-चार ठोके इकडे तिकडे होतील. सोळा नाही होणार," ते रजिस्टर चाळत म्हणाले. "सकाळी कोण मोजतं?"

"ही."

"दुपारी?"

"मुलगी, कॉलेजातून आली की."

"आणि संध्याकाळी?"

"मी. बँकेतून आलो की लगेच. बूटसुद्धा काढत नाही."

"मोजताना काही बोलता?"

मी थोडा वेळ खोडलेल्या रकान्याकडे पाहत राहिलो. कालचा आकडा, परवाचा आकडा, फिरायला का गेला नाहीत, गोळी घेतली का, मीठ कोणी घातलं, हे सगळं मी एका मिनिटाच्या आत विचारतो, मनगट धरून. बँकेत कोणी माझी अशी तपासणी केली असती, तर माझे ठोके शंभरावर गेले असते.

त्या संध्याकाळी हिला मोजायला सांगितलं आणि मी गॅलरीत उभा राहिलो. नाट्यसंगीत पूर्ण जोरात. ठोके निघाले अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी शहात्तर. नोंदी मी बिनशेऱ्याच्या केल्या.

आठवड्यानं अण्णांनीच हाक मारली. "बूट काढ आणि बस इथं. आज तूच मोज." एक जलद पद संपत आलेलं. मी मनगट धरलं. वाळलेल्या वेलासारखं झालंय ते आता. पद संपलं, कॅसेट फिरून खट्कन थांबली, आणि खोलीत काही वाजेना. मी अठरापर्यंत मोजलं असेल. पुढे ठोके येत होते, सावकाश, एकामागून एक, पण आकडे कुठं राहिले कोण जाणे. दिवा लावायला कोणी उठलं नाही.

"किती?" बऱ्याच वेळानं अण्णांनी विचारलं.

"चुकले मोजायचे."

"असू दे," ते म्हणाले. "कॅसेट उलटी कर."